एका पारड्याची कावड

कर्जतच्या मालगोदामात मालबाबू म्हणून मी रुजू झालो त्या दिवशी, टोपी खुंटीला लावतो न लावतो तोच काट्याजवळच्या माणसानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "एक मण सतरा शेर. खानावळीत जेवाय लागलात की पंधरावर याल."

मला राग आला. बावीस वर्षांचा होतो, चार बुकं इंग्रजी शिकलो होतो, आणि हा काटेवाला माझं पोत्यासारखं वजन सांगत होता. महिन्याभरानं गोदामात कुणी नाहीसं बघून मी हळूच काट्यावर उभा राहिलो. एक मण साडेपंधरा भरलं. त्यानंतर मी त्या माणसाशी कधी वाकड्यात बोललो नाही.

रेल्वेचा मण पक्का, चाळीस शेरांचा. धडधाकट बाई सव्वा मणाची असते. वाचणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं उमगेल.

सगळं स्टेशन त्यांना दादा म्हणे, मीही म्हणू लागलो. गोदामात येणारा माल तोलायचा आणि आकडा ओरडून सांगायचा हे त्यांचं काम, तो पावतीवर लिहायचा हे माझं. चौदा वर्षं आम्ही हे केलं. भाताची पोती, कोळसा, गवताचे भारे, माथेरानच्या साहेबांच्या लोखंडी पेट्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. पण काट्यावर जायच्या आधी वस्तू त्यांच्या हातात जायची. डोळे अर्धे मिटून ते ती उचलत, ओठ हलवत, आणि मग काटा काय म्हणतो ते बघत. काटा वेगळं म्हणाला तर संशय काट्यावर. दोनदा काटा तपासायला मुंबईहून माणूस आला आणि दोन्ही वेळा चूक काट्याचीच निघाली. त्यामुळे दादांची मान फार ताठ झाली होती, हेही सांगितलं पाहिजे.

हातात येईल ते तोलायची त्यांना खोडच होती. लग्नात पत्रावळीवर लाडू पडला की आधी तो तोलणार. एकदा स्टेशनमास्तरांचं तान्हं मूल कौतुकानं त्यांच्या हातात दिलं, तर "पावणेपाच शेर, पन डाव्या कुशीवर जड हाय," असं म्हणून परत केलं. मास्तरीणबाई आठ दिवस बोलत नव्हत्या.

आता खरी गोष्ट. हा माणूस आपल्या आईला कावडीत बसवून चालत काशीला न्यायची तयारी करत होता. मी गेलो तेव्हा ती तयारी सुरू होऊन सहा वर्षं झाली होती.

त्याचं असं झालं होतं. दादा बारा वर्षांचे असताना त्यांना पटकी झाली. गावातली चार पोरं दोन दिवसांत गेली होती. बापानं थेट काशीच्या देवाला नवस बोलला, पोर उठलं तर आम्ही तिघं चालत येऊ. पोर उठलं. पण वर्षाच्या आत बाप गेला. बोरघाटात तेव्हा रुळांचं काम चालू होतं, तिथं तो मजुरीला जाई, आणि एक सुरुंग वेळेआधी उडाला. नवस तसाच राहिला. पुढं आईचे गुडघे धरले. ती घरातल्या घरात भिंतीला धरून चाले, पण ओढ्यापलीकडं जाणं सुटलं. तेव्हा दादांनी कावड घेतली. तरुणपणी त्यांनी नेरळहून माथेरानला साहेबलोकांच्या खुर्च्या वाहिल्या होत्या, त्यामुळे माणूस वाहून नेणं त्यांना नवं नव्हतं.

"गाडीनं न्या की," मी एकदा म्हणालो. "तीन दिवसांत काशी. पासही मिळेल."

"ज्या वाटंनं बा खाल्ला, त्या वाटंवर आयला बसवू?"

"पण पगार तर ह्याच रेल्वेचा घेता."

"पगार घेतो," ते शांतपणे म्हणाले. "बसत नाय."

आणि खरोखरच गोदामात एवढी वर्षं काढून त्यांनी गाडीच्या डब्यात कधी पाय ठेवला नव्हता.

लोक चेष्टा करत. आईबापांना कावडीतून नेणाऱ्या पुराणातल्या त्या मुलाचं नाव त्यांना पडलं होतं. तेवढ्यावर मात्र दादा चिडत नसत, उलट समजावून सांगत. "त्याचं बरं होतं रं. आय आन् बाप दोघं जिते. एक हिकडं, एक तिकडं, कावड आपसूक सारखी. माजं एक पारडं रिकामं. त्यात भरायचं काय, ह्योच तर घोर हाय."

त्यांच्या सगळ्या तयारीचं मूळ इथं होतं. कावडीच्या एका टोपलीत आई. दुसऱ्या टोपलीत तिच्याच वजनाचं सामान, शेरभर कमी नको, शेरभर जास्त नको. कमी भरलं तर कावड कलते, आणि कललेली कावड कोसभर नेली की मणका वाकतो. तेव्हा सामान आईइतकं हवं. पण सामान खाण्याचं, ते रोज घटणार. आई घटणार नाही. म्हणून दर चौथ्या मुक्कामी शिधा विकत घेऊन पारडं सारखं करायचं, आणि त्यासाठी जवळ पैसा हवा. पण पैशालाही वजन आहे. रुपया एक तोळ्याचा, ऐंशी रुपये म्हणजे शेर. तो शेर कुठल्या टोपलीत धरायचा यावर त्यांनी माझ्याशी दोन दुपारी वाद घातला.

जुन्या पावत्यांच्या पाठी मी त्यांना देत असे. त्यावर मोडीत सामानाची यादी आणि मुक्कामांची यादी. मुक्काम त्यांना गोसाव्यांकडून, लमाणांकडून, गाडीवानांकडून मिळालेले. मुरबाड, नाशिक, बऱ्हाणपूर, मग नर्मदा, मग जबलपूर, प्रयाग. नकाशा त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण कुठल्या गावच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे आणि कुठल्या धर्मशाळेत ढेकूण आहेत, हे विचारलं की सांगत.

सामानाच्या यादीपायी तर त्यांनी घर वेडं केलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. "बायको आली की तिचं वजन आलं," असं म्हणत, आणि हे विनोदानं नाही. घोंगडी एक घ्यायची की दोन, हे ठरवायला त्यांनी घोंगडी विहिरीत बुडवून काढली आणि ओली तोलली. कोरडी अडीच शेर, ओली सहा. मग घोंगडी एकच. पळीचा दांडा अर्धा कापला. तांब्याची कडी काढून टाकली. मीठ-मसाला डब्यात न्यायचा तर डब्याचं वजन, म्हणून ठाकरवाडीतल्या एका बाईकडून बांबूच्या नळ्या करून घेतल्या. वहाणांचे तीन जोड तेलात मुरत ठेवले होते. त्यातला एक जोड दरवर्षी घालून झिजवायचा आणि किती कोसांत टाच गेली ते लिहायचं. तांदूळ भाजून दळून त्याचं पीठ न्यायचं, कारण ते कालवलं की झालं, सरपण लागत नाही. ते पीठ मी बऱ्याचदा खाल्लंय. गुळाबरोबर बरं लागतं. गुळाविना खाताना मात्र काशी फार लांब वाटायची.

दर रविवारी सराव. एका बाजूला आईच्या वजनाचं भाताचं पोतं, दुसऱ्या बाजूला सामान, आणि स्वारी निघाली पळसदरीच्या अंगानं खोपोलीकडं. वाटेत लोक हटकत, "दादा, काशी आली का?" खालापूरचा एक सोनार तर म्हणे, "पायाशी पाताळगंगा वाहतीय, तीत बुडी मारा आणि सुटा." दादा ऐकत, कावड दुसऱ्या खांद्यावर घेत आणि पुढं चालत. त्यांच्या उजव्या खांद्यावर नारळाएवढं घट्टं पडलं होतं. ते रविवार मला अजून दिसतात. गोदाम बंद, रुळांवर ऊन, आणि लांबवर शेताच्या बांधावरून ती कावड एका लयीत हलत चाललेली. तेव्हा मी हसत होतो. आता ते एक बघायला मिळावं म्हणून काय वाटेल ते देईन.

एका माघात मीच म्हणालो, "दादा, पोतं घेऊन किती वर्षं फिरणार? एकदा आईलाच बसवून बघा ना." त्यांना पटलं. कर्जत ते खोपोली पाच कोस, सकाळी निघून दुपारी पोचायचं, देवळाच्या तळ्याशी मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. मीही बरोबर गेलो.

आईला टोपलीत बसवलं तेव्हा ती लाजली. मग कावड उचलली गेली आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले, तशी ती हसायला लागली. साठीची बाई, पण इतकी हसली की तिला टोपलीची कड धरावी लागली. कित्येक वर्षांत ती ओढ्यापलीकडं गेली नव्हती. "अगं बया, हे कोणाचं शेत? इथं आंबा होता, तो पडला का रं?" असं तिचं सुरू झालं. प्रत्येक वळणाला ती वळून बघे, वळली की टोपली झुले, टोपली झुलली की दादा थांबत.

"आय, हलू नगं."

"मी कुठं हलते?"

"पोतं हलत नाय."

"मग पोत्याला ने की काशीला," ती म्हणाली, आणि लगेच कुणाला तरी हाक मारली.

ओळखीचं नाही असं गावच नव्हतं. हिची मावशी, तिची नणंद, बालपणीची मैत्रीण. प्रत्येकीनं टोपली थांबवली. गळाभेट झाली, रडणं झालं, आणि रिकाम्या ओटीनं कसं पाठवायचं म्हणून कुणी काकड्या घातल्या, कुणी पावट्याच्या शेंगा, एकीनं तर चांगला भोपळा मांडीवर ठेवला. आईकडचं पारडं खाली. दादा बिचारे सामानाच्या टोपलीत दगड घालत, पुन्हा उचलत. पुढच्या गावात आईनं त्यातला भोपळा दुसऱ्या कुणाला देऊन टाकला की दगड काढत. दुपार झाली तेव्हा आम्ही जेमतेम पळसदरीला होतो. तिथं आईची भाची होती. तिनं ताक दिलं, भाकरी दिली, आणि आई म्हणाली, "आता हितंच ऱ्हाऊ."

खोपोली राहिलीच. घरी आल्यावर त्यांनी जुन्या पावत्या काढल्या. जित्या माणसाला पोत्याच्या दुप्पट दिवस लागतात, हे त्या दिवशी कळलं होतं. दिवस दुप्पट म्हणजे शिधा दुप्पट, शिधा दुप्पट म्हणजे पारडं असमान. सगळी मांडणी पहिल्यापासून करायची. त्या वर्षीचं निघणं रद्द झालं.

आई मात्र वर्षभर त्या एका दिवसाचं बोलत होती.

आमच्याकडं खंडेनवमीला काट्याची पूजा होई. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. पूजा झाली की पहिला माल म्हणून काट्यावर बसायची ती दादांची आई. बैलगाडीतून तिला आणत, लुगडं सारखं करून ती बसे, आणि दादा वजनं चढवत. मी आलो त्या वर्षी ती एक मण नऊ शेर होती. मग एक मण सात. मग पाच. आकडा सांगताना दादांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत असे. मग ते घरी जाऊन यादीतून तेवढं सामान कमी करत. दोन शेर घटली की पातेलं गेलं. आणखी दोन घटली की भाजलेलं पीठ गेलं. पीठ गेलं की मुक्काम बदलले. मुक्काम बदलले की पुढच्या साली. आई वाळते आहे हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांना ते आकड्यात दिसे, आणि आकडा दिसला की माणूस आकड्याच्याच मागं लागतो. मीसुद्धा लिहून घेत होतो. मला तरी कुठं दिसलं?

तिला दिसत होतं. एका दुपारी दादा मालगाडीच्या वाघिणीत माल भरायला गेले असताना ती बैलगाडीतून माझ्या खिडकीशी आली.

"बाबू, गाडीनं खरंच तीन दिस लागतात का रं?"

"तीन. कल्याणला बदलायची, मग सरळ."

"मला चालंल," ती म्हणाली. "त्याला सांगू नगं. पन मला गाडीनं बी चालंल. मरायच्या आदी एकदा गंगा दिसावी, आन् ह्यो संगं असावा. चालत का बसून, देव थोडाच इचारतोय?"

मी म्हणालो, "मी दादांशी बोलतो." आणि बोललो नाही. कारण काय, तर भीड. आज बोलू, उद्या बोलू करता करता दीड वर्ष गेलं. दादांच्या तयारीला हसणारा मी, माझी एवढीशी तयारी होईना. याची लाज मला आजही वाटते.

त्यानंतरची दुसरी खंडेनवमी. आदल्या साली ती एक मण दोन शेर होती. यंदा दादांनी वजनं चढवली, आणि काटा ठेपला तो एक मण दोनवरच. एवढ्या वर्षांत आकडा पहिल्यांदाच खाली आला नव्हता. दादांचा चेहरा उजळला. "बाबू, ल्ह्या. एक मण दोन. औंदा यादी बदलाय नगं. औंदा निघायचं." हमालांनी टाळ्या वाजवल्या. आई हसत होती.

मग दादांनी तिला काट्यावरून उतरवायला दोन्ही हातांनी उचललं, आणि तसेच उभे राहिले. डोळे अर्धे मिटले. ओठ हलले.

"आय, ओटीत काय हाय?"

त्यांनी तिला पोत्यांवर बसवलं. तिनं खाली मान घालून निऱ्यांच्या आत हात घातला आणि पोटाशी फडक्यानं बांधलेला पाट्यावरचा वरवंटा काढून दिला. चार शेराचा तरी होता. एवढं दगडाचं ओझं पोटाशी बांधून ती बैलगाडीतून धक्के खात आली होती.

"का गं?" दादांनी विचारलं.

"मी घटले की तू मांडनी बदलतोस. मांडनी बदलली की म्होरल्या साली म्हनतोस," ती म्हणाली. "मी म्हटलं, वजन तेच ऱ्हायलं तर तरी निघशील."

दादांनी वरवंटा हातात धरला होता, तो त्यांनी तोलला नाही. काट्यावरच्या वजनातून चार शेर उतरवले. अडतीस शेर. मण सुटला होता. आकडा त्यांनी ओरडून सांगितला नाही, मी विचारलाही नाही. त्या दिवसाचा माल दुपारपर्यंत तसाच पडून राहिला.

संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. उंबऱ्यावर बसले. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांच्या हातात पावत्या नव्हत्या.

"बाबू, ती चार महिने कावडीत टिकायची नाय. माजा हात सांगतो. नवस माज्या पायाचा हाय, तिच्या नाय. मी चालत जातो. शिवरातीला पोचंन. तुमी तिला गाडीनं आना, त्याच दिशी. न्याल का?"

मी हो म्हणालो. दीड वर्ष जे माझ्या तोंडून निघालं नाही, ते त्यांनी स्वतःच काढलं.

भाऊबीज झाली आणि ते निघाले. भाऊबीज ते शिवरात्र चार महिन्यांना तीन दिवस कमी, रोजचे चार कोस. ओझं नाही, म्हणून सगळी यादी फुकट. एक घोंगडी, तांब्या, पिठाची पिशवी. वीस वर्षांची तयारी एका काखेत मावली. आई रडली नाही, पण तिनं दाराची चौकट सोडली नाही. आणि गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी दुपारी दादा परत दारात हजर. नेरळच्या पुढं जाऊन मागं फिरले होते.

"पाय पडंना," ते ओशाळून म्हणाले. "खांद्यावर काय नाय तर मी वाकडा चालतो. गाडीवान म्हनला, दारू प्यालास का."

खांदा इतकी वर्षं ओझ्याला सरावला होता, तो रिकामा चालायचं विसरला होता. मग कावड काढली. दोन्ही टोपल्यांत सारखं भात घातलं, वाटेत खाऊ म्हणाले, आणि पुन्हा निघाले. या वेळी पाय नीट पडले.

ते महिने आईनं माझ्याजवळच्या मुक्कामांच्या यादीवर काढले. रोज विचारी, "आज कुठं असंल?" मी गावाचं नाव वाचून दाखवी. प्रत्येक गावाला ती विचारी, "तिथलं पानी बरं हाय ना?" आणि ते यादीत लिहिलेलं असे.

माघात मी दहा दिवसांची रजा काढली आणि तिला गाडीत बसवलं. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून ती तीन दिवस बाहेर बघत होती. नवऱ्याला खाणारी गाडी म्हणून ती काही बोलली नाही. फक्त नर्मदा ओलांडताना म्हणाली, "हितनं तो पायानं गेला."

शिवरात्रीच्या सकाळी आम्ही ठरल्याप्रमाणे काशीच्या पंचगंगा घाटावर बसलो. समोर गंगा. चाळीस वर्षं जिची वाट बघितली ती हातभर अंतरावर. मी म्हणालो, "चला, स्नान करू या."

"तो आला की."

तो आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. माझी रजा संपली. आम्ही उतरलो होतो त्या भटजींकडून मी स्टेशनमास्तरांना तार केली. उलट तार आली ती वाचण्यासारखी नव्हती. मी आईची विनवणी केली, मग चिडलो, मग तिच्यावर ओरडलोसुद्धा. आतून मला खात्री झाली होती की दादा वाटेत कुठंतरी गेले. ती रोज पहाटे पायऱ्यांवर बसे, आणि पाण्याला पाय लावत नसे.

"बुडी मारा तरी," मी म्हणालो.

"एकटीनं न्हायाचं तर पाताळगंगा होती की रं," ती म्हणाली.

मी थांबलो. अकरा दिवसांचा पगार कापला गेला, आणि माझ्या सगळ्या नोकरीत इतका सत्कारणी लागलेला पगार दुसरा नाही.

अकराव्या दिवशी गर्दीतून ती लय दिसली. माणूस ओळखू येण्याआधी मला कावडीचं हलणं ओळखू आलं. दाढी वाढलेली, पाय फुटलेले, अंगानं निम्मे झालेले दादा. एका टोपलीत दगड आणि दोन गाठोडी. दुसऱ्या टोपलीत एक अनोळखी म्हातारी. मागून तिचा मुलगा, एक लंगडा शेतकरी, काठी टेकत येत होता. जबलपूरच्या अलीकडं ही दोघं त्यांना रस्त्याच्या कडेला बसलेली सापडली होती. काशीला निघालेली, आणि चालणं संपलेलं.

आईनं आधी त्या म्हातारीकडं पाहिलं.

"माज्या जागंवर ही कोन?"

"रिकामी होती गं जागा," दादा म्हणाले. "आन् हिच्यापायी उशीर झाला. ही बी लई हलते."

मग आईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, आणि तिथं पायरीवर बसून दोघं रडली. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दादांनी आधी आईला उचलून पाण्यात नेलं, मग दुसरीला. दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून, एकीला दुसरीची भाषा कळत नसताना, पोरींसारख्या बुड्या मारत होत्या.

निघायच्या दिवशी आई म्हणाली, "नवस फिटला. आता बस की रं गाडीत."

दादांनी मान हलवली. "हिला गावाला पोचवतो. तिच्या ल्येकाला शबुद दिलाय. दिवाळीच्या आत येतो."

स्टेशनावर ते बाहेरच्या झाडाखाली उभे होते, फलाटावरसुद्धा आले नाहीत. गाडी सुटली तेव्हा आई खिडकीतून त्या झाडाकडं बघत होती, झाड दिसेनासं झाल्यावरही.

दिवाळी आली, गेली. दुसरीही गेली. गोदामात नवा काटेवाला आला, तो काटा सांगेल ते सांगत असे. मी सुटी झाली की आईकडं जाऊन बसायचो. ती म्हणे, "मुरबाडच्या वाटंला गाळ आसंल," किंवा "पिकाची कापनी चालू आसंल, कुनीतरी ठिवून घेतलं आसंल." मी हो म्हणायचो.

तिसऱ्या वर्षी कार्तिकात एक माणूस कर्जतला गाडीतून उतरला आणि गोदामात येऊन त्यानं कावडवाल्यांच्या आईचं घर विचारलं. तो लंगडा शेतकरी. नाशिकला त्र्यंबकाच्या दर्शनाला आला होता, तिथून मुद्दाम पुढं आला होता. मी त्याला घेऊन गेलो. त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि आपल्या भाषेत सांगू लागला, मी आईला मराठीत सांगत गेलो. त्याची म्हातारी घरी सुखरूप पोचली आणि वर्षभरानं समाधानानं गेली. दादा तिला पोचवून परत निघालेच होते, पण शेजारच्या गावातल्या एका आंधळ्या बाईला काशी करायची होती. तिला नेलं. मग एक म्हातारा. मग आणखी कुणी. दर खेपेला म्हणतात, एवढं एक पोचवतो, मग घरी जातो.

आईनं सगळं ऐकलं. मग तिनं एकच विचारलं. "अंगानं कसा हाय त्यो? भरलाय का वाळलाय?"

मी ते त्याला विचारलं. त्यानं आईकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाला, "बहुत सूख गये हैं, बाबूजी. रात-रात खांसते हैं."

आई माझ्या तोंडाकडं बघत होती. सगळी नोकरी मी कागदावर खरं वजन लिहिलं होतं.

"चांगले भरलेत म्हणतो," मी म्हणालो.

तिनं समाधानानं मान हलवली. "मग येळ लागंल यायला. भरला मानूस सावकास चालतो."

आणि भिंतीला धरून ती उठली, पाहुण्याला भात टाकायला आत गेली.